गच्चीवरचा मुकर्रर

बाळांनो,

तुम्ही दोघांनी गेल्या महिन्यात पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तळघरासारखी खोली, ठेंगणे छत, समोर गिटार घेतलेली तीन मुले आणि पन्नासेक माणसांच्या दाटीत तुम्ही. खाली लिहिले होते की या बँडचे नाव तिकडेही फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि म्हणूनच तो तुमचा आहे. तुमच्या आईला याचे हसू आले. मला आले नाही, कारण त्याच आठवड्यात इथल्या वर्तमानपत्रात एका माणसाच्या निधनाची लहानशी बातमी होती. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातले निवृत्त कामगार; मागे पत्नी, दोन मुली, नातवंडे. गाण्याचा उल्लेख नव्हता. बातमी देणाऱ्याला ते माहीत नसणार.

तो गात होता तेव्हा आम्हीही असेच पन्नासेक जण होतो. त्यातले आता फार थोडे उरलो आहोत, आणि अलीकडे मला ओळखीच्या माणसांचीही नावे चटकन आठवत नाहीत. म्हणून हे आत्ता लिहिते. नाव मात्र कुणाचेच लिहीत नाही. ज्याला आपले नाव गायक म्हणून छापून यावे असे मनापासून वाटत होते त्याचे ते तसे कधी आले नाही. मग बाकीच्यांची नावे कशाला.

तेव्हा तुमची आई प्राथमिक शाळेत होती. मी मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. शहराला आम्ही औरंगाबादच म्हणत होतो, आणि शहरात गाणे म्हणजे ऑर्केस्ट्रा. गणपतीत चौकाचौकात, एरवी गॅदरिंगला. चकचकीत कोट, फिरते रंगीत दिवे आणि सिनेमातली गाणी जशीच्या तशी. ज्याची नक्कल हुबेहूब तो मोठा गायक. लोक चिठ्ठ्या पाठवून फर्माईश करायचे आणि निवेदक त्या वाचून दाखवायचा. मला त्यात काही वाईट दिसत नसे. काही चांगलेही दिसत नसे.

आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला असाच एक ऑर्केस्ट्रा आला होता, आणि दुसऱ्याच गाण्याला वीज गेली. माइक बंद, कीबोर्ड बंद. कोट घातलेली माणसे हाताची घडी घालून उभी राहिली आणि मुली शिट्ट्या मारू लागल्या. तेव्हा मागच्या रांगेतला बेंजोवाला पुढे आला. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणे असलेले ते तारांचे वाद्य, लग्नाच्या वरातीत असते ते. त्याच्याकडचा विजेशिवायही वाजायचा. त्याने प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या मित्राला हाताने बोलावून घेतले. मित्र उंच, सडपातळ, पंचविशी ओलांडलेला. मंचावर चढण्याआधी त्याने खिशातून कंगवा काढून केस नीट केले, यावर मुली हसल्या. मग त्याने एक ओळ म्हटली:

मेंढरं गेली पैठणकडं, मी भोंग्याकडं निघालो.

ओळ त्याचीच होती आणि चालही. तो चितेगावकडच्या मेंढपाळ घरातला होता, आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ओतीव भाग घासायच्या खात्यात कामाला होता. हे नंतर कळले. त्या क्षणी एवढेच कळले की सभागृह एकदम गप्प झाले आहे.

त्या शांततेत पाहुण्यांच्या रांगेतून आवाज आला, "मुकर्रर."

हा आवाज आमच्या शेजारच्या मास्तरसाहेबांचा. त्यांची नात आमच्याकडे शिकत होती. ते अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीपासून उर्दू शाळेत मास्तर होते. पोलीस ॲक्शननंतर शाळा आटत गेल्या, त्यांचे अर्धे नातलग कराचीला गेले आणि मुशायऱ्यांना माणसे कमी पडू लागली. मुशायऱ्यात एखादा शेर आवडला की ऐकणारा "मुकर्रर" म्हणतो, म्हणजे पुन्हा एकदा होऊ द्या. शायर तोच शेर पुन्हा म्हणतो, आणि दुसऱ्यांदा तो वेगळा ऐकू येतो. मास्तरसाहेबांना कितीतरी वर्षांत हा शब्द वापरायला जागा मिळाली नसेल. ती त्यांना एका मराठी गाण्यात मिळाली.

गायकाने ओळ पुन्हा म्हटली, या वेळी भोंग्यावर रेंगाळून. मास्तरसाहेब पुन्हा म्हणाले, "मुकर्रर, मियाँ." आता मुलीही ओरडू लागल्या. तिसऱ्यांदा पहिली ओळ म्हणून झाल्यावर त्याने दुसरी सोडली:

त्यांच्यामागं कुत्रं हाय, माझ्यामागं कोन?

वीज आल्यावर ऑर्केस्ट्राने पुढचे सिनेमाचे गाणे सुरू केले, पण मास्तरसाहेब उठून बाहेर गेले होते. मी आणि तुमचे आजोबाही गेलो. गायक सायकलचे कुलूप काढत होता, आणि बेंजोवालाही वाद्य काखेत घेऊन मंच सोडून आला होता. आजोबांनी त्याला रविवारी घरी बोलावले. तो बेंजोवाल्याकडे पाहून म्हणाला, "साहेबांच्या घरी जायाचं तर तू इस्त्रीचा सदरा घाल." बेंजोवाला म्हणाला, "मेरा सदरा छोड, तू पहले वो कंगवा फेक."

असे आमचे रविवार सुरू झाले. ऊन उतरले की गच्चीवर सतरंजी, एका बाजूला चहाची किटली. सुरुवातीला आठ-दहा माणसे. मग औरंगपुऱ्यातली एक शिंपीण, तिच्या दोन जावा, माझ्या कॉलेजातल्या मुली, गुलमंडीवरचा एक घड्याळवाला, कारखान्यातले त्याचे सोबती. जाहिरात नाही, तिकीट नाही. एकाने दुसऱ्याला सांगायचे. कधी गुलमंडीजवळच्या वाचनालयाच्या खोलीत, कधी दौलताबादला किल्ल्याखाली त्याच्या नात्यातल्या मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट तळ, पडले असतील तिथे. जिथे तो गाई तिथे आम्ही जात होतो. आमचे दोनच नियम होते: सिनेमाचे गाणे नाही आणि फर्माईश नाही. मागायचेच तर जे चालू आहे तेच पुन्हा मागायचे. मुकर्रर म्हणायला सगळेच शिकले. तुमची आईही म्हणायची, आणि तिचा बोबडा मुकर्रर आला की तो मुद्दाम मान लववायचा.

त्याला ऐकणाऱ्यांनी घडवले असे मी म्हणते ते कौतुकाने नाही; झाले तसेच. त्याची गाणी या पद्धतीभोवतीच वाढली. प्रत्येक गाण्याची पहिली ओळ पक्की. दुसरी तो राखून ठेवायचा. आम्ही तीनदा, चारदा मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि त्या वेळात समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून ती मनात जुळवायचा. म्हणून दुसरी ओळ दर रविवारी निराळी असायची. मेंढरांच्या गाण्यातले ते कुत्रे त्याने पुन्हा कधी आणले नाही. मी एकदा विचारले तर म्हणाला, "बाई, ते त्या दिशीच्या पोरींसाठी व्हतं. तुमच्यासाठी रोज ताजं लागतं."

तो गरीब स्वभावाचा मुळीच नव्हता. गर्विष्ठ होता, रुसायचा. मुकर्रर कमी पडला तर बेंजोवर हात ठेवून थांबवायचा आणि आम्हालाच विचारायचा की जेवून आलात का उपाशी. एकदा शिंपीणबाईचे पोर रडत होते आणि हा पहिल्याच ओळीवर अडून बसला होता. ती वैतागून म्हणाली, "दे की बाबा एकदाची दुसरी, पोराला मुकर्रर म्हणता येईना तर काय रातभर बसावं व्हय?" सगळे हसले. तो हसला नाही, पण ओळ दिली.

आजोबांनी नवा टेपरेकॉर्डर आणला होता. तो गच्चीवर ठेवलेला पाहून गायकाने त्यावर शाल टाकली. म्हणाला की हे मशीन मुकर्रर म्हणत नाही, नुसतं टकामका बघतं. आम्हाला ते पटले. त्याची कॅसेट निघेल तेव्हा विकतच घेऊ, असे बोलून टेपरेकॉर्डर खाली नेला.

कॅसेटचे बोलणे तेव्हा सगळीकडेच होते. मुंबईच्या एका कंपनीचा माणूस भजनांच्या कॅसेटी घेऊन मराठवाड्यातल्या दुकानांत फिरायचा. त्याला घड्याळवाल्याने वाचनालयात आणले. तो शेवटपर्यंत बसला, दोनदा स्वतःही मुकर्रर म्हणाला, आणि जाताना म्हणाला की मुंबईला या, चाचणीचे रेकॉर्डिंग करू.

आमच्यासाठी ही अभिमानाची गोष्ट होती. त्याच्यासाठी ती निराळी होती, आणि ती त्याने मला जिन्यात सांगितली. घासायच्या खात्यात लोखंडाची आणि वाळूची धूळ उडते. तोंडाला फडके बांधले तरी घशात जाते. कामगारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की खाते सोड, नाहीतर एक-दोन वर्षांत आवाज जाईल, पुढे छातीही. दुसऱ्या खात्यात घेत नव्हते, आणि घरची मेंढरे विकून झाली होती.

"एक कॅसेट निघाली ना बाई," तो म्हणाला, "तर गळा बी वाचंल आन् मीबी."

मुंबईला तो, बेंजोवाला, तुमचे आजोबा आणि मी असे गेलो. मास्तरसाहेबांना यायचे होते, पण त्यांना एसटीचा प्रवास झेपला नसता. मला नेले ते तिथे इंग्रजी बोलावे लागेल म्हणून. तशी वेळ आली नाही. सगळे सभ्य लोक होते आणि हिंदी-मराठी बोलत होते. दुपारी आम्हाला आत घेतले. दोघांना गाद्या लावलेल्या भिंतींच्या खोलीत बसवले, आणि आम्ही काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिंग करणाऱ्या गृहस्थांच्या मागे.

लाल दिवा लागला. त्याने मेंढरांची ओळ म्हटली. आवाज इतका स्वच्छ मी गच्चीवरही ऐकला नव्हता. मग तो थांबला आणि आमच्याकडे पाहू लागला.

काचेतून आमचा आवाज आत जात नव्हता. आजोबांनी हाताने खूण केली, पुढे, पुढे. त्याने तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा थांबला. गृहस्थांनी बटण दाबून शांतपणे सांगितले, "आगे लीजिए." तो पुढे गेला, पण कुठली तरी दुसरी ओळ पटकन उचलून, तोल गेलेल्या माणसाने खांब धरावा तशी. गाणे लगेच संपले. गृहस्थांनी पुन्हा करायला सांगितले. या वेळी तो न मागता पहिली ओळ तीनदा गायला. बेंजोवाल्याने मध्येच मुकर्रर म्हणून पाहिले; गृहस्थ हसून म्हणाले की हा आवाज कसा आला, काढावा लागेल. मग त्यांनी विचारले की अंतरा कुठला, दुसरी ओळ नक्की कोणती, एक ठरवा. तो म्हणाला, ठरलेली नसते. त्यांना हे समजले नाही आणि न समजण्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्यांनी टेप वाजवून दाखवली. तो काचेच्या अलीकडे येऊन उभ्याउभ्याच ऐकत होता. टेप थांबल्यावर बेंजोवाल्याला म्हणाला, "ह्यो कोन येकटाच बडबडतोय रं?"

कंपनीने नकार दिला नाही. गाणी पक्की बांधून, सलग गायची सवय करून या, पावसाळ्यानंतर आमचा माणूस येऊन ऐकेल, असे सांगितले. परतीच्या वाटेवर तो खिडकीशी बसून होता. नाशिकला चहा घेतला नाही.

आता जे सांगते ते आमच्या मंडळींनी सगळ्यांनी मिळून केले, आणि त्याच्या भल्यासाठी केले. आजोबांनी गच्चीवर सर्वांना एकत्र बसवून मुंबईत काय झाले ते सांगितले. मग ठरले की पावसाळा संपेपर्यंत कुणीही मुकर्रर म्हणायचा नाही. तो सलग गाईल, आपण गप्प ऐकायचे. सवय लागेल. सगळ्यांना हे शहाणपणाचे वाटले. शिंपीणबाईने तर तोंडावर पदर धरून बसायचे ठरवले, चुकून निघू नये म्हणून. त्यालाही विचारले. त्याने होकारार्थी मान हलवली. दुसरे काय करणार होता?

मास्तरसाहेब तेवढे उठले. आजोबांना म्हणाले, "साहब, मैं महफ़िल में बैठ सकता हूँ, मय्यत में भी बैठ सकता हूँ. ये दोनों के बीच का आप लोग बैठो." आणि भिंत धरून जिना उतरून गेले. त्यानंतर ते गच्चीवर आले नाहीत. थंडी पडायच्या आत ते वारले. त्यांच्या घरी बसायला गेलो तेव्हा गायक दाराबाहेर चपलांपाशी उभा होता. आत या म्हटले तरी आला नाही.

ते रविवार मला नीट आठवतात. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली आम्ही ओठ मिटून बसलेलो. तो पहिली ओळ म्हणे. सवयीने थांबे, एवढासाच, आणि आमच्याकडे पाही. आम्ही खाली पाहत असू. मग तो ठरवलेली दुसरी ओळ म्हणे, तिसरी म्हणे, गाणे संपे. गाणी पक्की झाली. चुका राहिल्या नाहीत. पण पूर्वी जे गाणे संपता संपत नसे ते आता चहा निवायच्या आत आटोपत होते. बेंजोवाला मध्येच घसा खाकरायचा, तोही आवाज मोठा वाटायचा. तुमची आई वर यायला कंटाळू लागली. कॉलेजातल्या मुली आधी गेल्या, मग घड्याळवाला. कुणी भांडून गेले नाही. पुढच्या रविवारी काहीतरी काम निघायचे, एवढेच.

पावसाळ्यानंतर कंपनीचा माणूस खरोखरच आला. आम्ही उरलेले जण गच्चीवर बसलो. गायकाने मेंढरांचे गाणे सलग, न अडखळता म्हटले. तो माणूस थोडा वेळ वाट पाहत राहिला. मग त्याने नम्रपणे विचारले, "वो दूसरा वाला सुनाइए ना. जो उस दिन लायब्ररी में गाया था."

गाणे तेच होते. हे त्याला कुणी सांगितले नाही. गायकाने बेंजोवाल्याकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि म्हणाला, "ते आता येत नाय मला."

त्यानंतर तो आला नाही. आजोबा दोनदा मुकुंदवाडीला त्याच्या खोलीवर गेले. दार उघडले, चहा दिला, बोलला. गाण्याविषयी काही निघाले की पाळीची वेळ झाली म्हणायचा. शेवटी आजोबा त्याला म्हणाले की पूर्वीसारखे करू, सगळ्यांना बोलावतो, हवे तेवढे मुकर्रर. तो म्हणाला, "साहेब, मागून आनलेली भूक खरी नसती." घासायचे खाते त्याने सोडले नाही. दोन वर्षांत डॉक्टर म्हणाले होते तसे झाले. आधी वरचे सूर गेले, मग साधे बोलणेही खरखरीत झाले. ऑर्केस्ट्रावाल्यांनी मधल्या काळात त्याला बोलावले होते, असे बेंजोवाल्याकडून कळले. गेला नाही. आमच्या नियमासाठी गेला नाही की दुसऱ्या कशासाठी, हे मला माहीत नाही.

पुढची तीस-पस्तीस वर्षे तो मला गावात अधूनमधून दिसायचा. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत. केस पांढरे झाले तरी भांग नीट असायचा. "बाई, बरं हाय ना?" एवढे विचारायचा, आणि ते ऐकायला मला पुढे वाकावे लागायचे. आजोबा गेले तेव्हा तो आला होता.

बातमी वाचल्यावर मी बेंजोवाल्याला घेऊन त्याच्या घरी गेले. बेंजोवाला आता स्वतः काठी टेकून चालतो. मुकुंदवाडीतले दोन खोल्यांचे घर. मुली सासरहून आल्या होत्या. भिंतीवरचा फोटो कारखान्याच्या निरोप समारंभातला, गळ्यात हार. त्याच्या बायकोने आम्हाला बसवले आणि आम्ही कोण ते विचारले. बेंजोवाल्याने सांगितले की आम्ही त्याचे गाणे ऐकायचो.

ती म्हणाली, "गात व्हते म्हनं. मला सासूनं सांगितलं व्हतं. पर लगीन झालं तवाच गळा बसल्याला व्हता, बाई. मी नाय ऐकलं कधी."

मुलींनीही ऐकले नव्हते. धाकटीने विचारले, बाबा कसे गायचे? बेंजोवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्याकडे. माझा आवाज गाण्याचा नाही, आणि त्याचा श्वास पुरत नाही. तरी आम्ही दोघांनी मिळून मेंढरांची ओळ म्हणून दाखवली. मुलगी म्हणाली, आणखी? तेव्हा आम्ही एकेक आठवू लागलो.

पहिल्या ओळी बऱ्याचशा आठवल्या, चालीसकट. त्या आम्ही इतक्यांदा मागून घेतल्या होत्या की विसरणे शक्यच नव्हते. दुसऱ्या ओळी तो एकदाच म्हणायचा. पहिल्या दिवशीची एक सोडली तर त्या आम्हाला आल्या नाहीत. सलग गायच्या दिवसांत त्याने पक्क्या केलेल्या ओळीही आल्या नाहीत. त्या ऐकताना आम्ही खाली पाहत होतो.

मुंबईची टेप कंपनीने ठेवली नसणार. ती कंपनीच आता नाही. आमच्या टेपरेकॉर्डरवर त्याचे काही नाही.

बेंजोवाल्याच्या नातवाने आता आम्हा दोघांकडून त्या ओळी मोबाइलवर म्हणवून घेतल्या आहेत, आणि तुमची आई त्या तुम्हाला पाठवेल. आवाज त्याचा नाही, एवढे लक्षात ठेवून ऐका. दहा-अकरा गाण्यांच्या पहिल्या ओळी शिल्लक आहेत. दुसरी ओळ एकाच गाण्याची आहे, ती कुत्र्याची.